सीमावाटाघाटींचा सशुल्क अभ्यासवर्ग : १,५०० रुपयांत काय मिळाले

इंदूरच्या रामबाग परिसरातील एका मराठी वाचनालयाने या पावसाळ्यात रविवार सकाळचा सशुल्क अभ्यासवर्ग चालविला. सीमेवर राहणारे अल्पसंख्य समाज शेजारी सत्तांच्या वाटाघाटींना कसे वळण देतात, हा त्याचा विषय होता. शुल्क १,५०० रुपये, विद्यार्थ्यांना निम्मे. त्यात दोन तासांची सहा सत्रे, नकाशांची पुस्तिका, ट्रेसिंग पेपरचा एक संच आणि मध्यंतरातले चहा-पोहे. इंदुरातील मराठी मंडळींना मैफली, कीर्तने आणि मधुमेहावरची व्याख्याने यांची वानवा नाही. परंतु करारांची कलमे पुढ्यात ठेवून ती ओळीओळीने मराठीतून शिकविणारा वर्ग माझ्या पाहण्यात तरी दुसरा नाही. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होत असल्याचे फलकावर लागले आहे, म्हणून नाव नोंदवावे की नाही या विचारात असलेल्यांसाठी हे परीक्षण. माझे मत आधीच सांगून टाकतो : पैसे वसूल होतात, मात्र वर्ग सगळ्या घडामोडींकडे राजधानीच्या खिडकीतून पाहतो आणि ही त्याची मोठी उणीव आहे.

शिकविणारे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. वर्गात सगळे त्यांना सर म्हणतात. नकाशे काढणाऱ्या बाई भूगोलाच्या शिक्षिका आहेत आणि त्या ताई. सरांची शिकविण्याची पद्धत संथ आहे, एक तारीख सांगून झाली की ती फळ्यावर लिहिल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत, आणि पहिल्या सत्रात याचा कंटाळाही येतो. दुसऱ्या सत्रापासून मात्र या संथपणाचा उपयोग कळू लागतो, कारण या विषयात कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, यावरच बहुतेक सगळे अवलंबून असते.

सर्वांत भक्कम सत्र १९७५च्या अल्जियर्स कराराचे झाले. तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या संगमानंतर जी नदी शत्त अल-अरब म्हणून समुद्राला मिळते, तिच्यावरून इराण आणि इराक यांचा जुना वाद होता. १९३७च्या तहाने अबादानसारखी मोजकी ठिकाणे वगळता सीमा इराणच्या काठालगत ठेवली होती, म्हणजे पाणी जवळजवळ सगळे इराकचे. इराणच्या शहाला, म्हणजे तिथल्या राजाला, ती रेषा नदीच्या सर्वांत खोल प्रवाहातून जायला हवी होती. इराकने हे एरवी मान्य करण्याचे काही कारण नव्हते. परंतु इराकच्या उत्तरेकडे मुस्तफा बारझानी यांच्या नेतृत्वाखाली अल्पसंख्य कुर्द समाज लढत होता. मार्च १९७०मध्ये झालेला स्वायत्ततेचा करार फिसकटून १९७४मध्ये पुन्हा युद्ध पेटले होते आणि त्या युद्धाला इराणची उघड, तर अमेरिकेची गुप्त रसद होती. बगदादला दोन्ही ओझी एकदम पेलवेनात. ६ मार्च १९७५ रोजी ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या शिखर परिषदेच्या निमित्ताने, अल्जीरियाचे अध्यक्ष बूमेदियन यांच्या मध्यस्थीने, शहा आणि सद्दाम हुसेन यांच्यात समझोता झाला. इराकने नदीतली रेषा सोडली, इराणने कुर्दांना सोडले. काही आठवड्यांत बंड कोसळले आणि लाखाहून अधिक कुर्दांनी इराणात आसरा घेतला.

इतके कुठेही वाचायला मिळेल. वर्गाने याहून अधिक जे दिले ते म्हणजे त्या दिवशीच्या संयुक्त निवेदनाचे एकपानी मराठी भाषांतर आणि त्यावर घालविलेली पाऊण घटका. निवेदनात चार मुद्दे आहेत : भूसीमा १९१३च्या कॉन्स्टँटिनोपल करारानुसार आखावी, नदीतील सीमा खोल प्रवाहाच्या रेषेने ठरावी, सीमेवर परस्परविश्वास प्रस्थापित करून विध्वंसक स्वरूपाची घुसखोरी कायमची थांबवावी, आणि हे सर्व मुद्दे एकाच तोडग्याचे अविभाज्य भाग मानावेत. सरांनी एवढेच विचारले, की यात कुर्द कुठे आहेत ते दाखवा. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवले. सरांनी मान डोलावली आणि चौथाही वाचायला लावला, कारण तिसरा मुद्दा दुसऱ्याची किंमत आहे हे त्यानेच ठरते : घुसखोरी पुन्हा सुरू झाली तर नदीही परत मागता येईल. सप्टेंबर १९८०मध्ये सद्दामने करार फेटाळला आणि आठ वर्षांचे युद्ध सुरू झाले, तेव्हा करार मोडल्याचा ठपका त्याने इराणवरच ठेवला होता. ज्या समाजाचे भवितव्य ठरले त्याचे नाव कागदावर कुठेही नाही आणि तरीही सगळा कागद त्याच्यावरच उभा आहे, हे कोणतेही विशेषण न वापरता शिकविता येते, हे मला या सत्रात दिसले.

ट्रेसिंग पेपरची कल्पना ताईंची. चीन आणि रशिया यांच्या सीमेवरील इली नदीच्या खोऱ्याचा मूळ नकाशा जाड कागदावर छापलेला असतो आणि त्यावर एकेक पारदर्शक कागद चढवीत जायचे : एकावर काळ्या शाईत १८८१ची सीमा, दुसऱ्यावर तांबड्या ठिपक्यांत वस्त्या, तिसऱ्यावर निळ्यात नद्या आणि खिंडी. शाई पुरती वाळलेली नसल्यामुळे माझ्या अंगठ्यावर तांबडा डाग उमटला आणि शेजारच्या गृहस्थांच्या पांढऱ्या सदऱ्यावरही. पुढच्या तुकडीसाठी कागद आठवडाभर आधी छापून घ्यावेत. पण तीन कागद जुळले की जे दिसते ते पुस्तकातल्या रंगीत नकाशात दिसत नाही. रशियाने १८७१मध्ये इली खोरे व्यापले होते. १८८१च्या सेंट पीटर्सबर्ग तहाने त्यातला बहुतांश भाग चीनला परत मिळाला, त्यासाठी चीनने ९० लाख रुबल मोजले, आणि रहिवाशांना एक वर्षाची मुदत मिळाली : चीनची प्रजा म्हणून राहा, नाही तर रशियात जा. पश्चिमेकडची एक पट्टी मात्र रशियाने ठेवून घेतली आणि तहात तिचे कारण दिले ते असे, की रशियात येऊ इच्छिणाऱ्यांना वसवायला जागा हवी. चिनी सैन्याच्या सूडाला घाबरून हजारो तरांची (आज ज्यांना उइगूर म्हणतात त्यांचे पूर्वज) आणि दुंगान (चिनीभाषक मुस्लिम) कुटुंबे खरोखरच पलीकडे गेली. तांबडे ठिपके काळ्या रेषेच्या पश्चिमेला सरकलेले दिसतात ते यामुळे. माणसांची भीती खरी होती आणि तिच्या आधारे जमीन ठेवून घेणे हा मुत्सद्देगिरीचा डावही खरा होता; सरांनी यातली कोणतीही एक बाजू निवडली नाही, हे मला आवडले.

त्याच खोऱ्यातून आणि शेजारच्या सीमाभागांतून १९६२च्या एप्रिल-मे महिन्यांत ६० हजारांहून अधिक कझाक आणि उइगूर सोव्हिएत हद्दीत गेले. त्या सुमारास मॉस्को आणि पेकिंग यांच्यात फाटले होते, सोव्हिएत बाजूकडून प्रचाराचा मारा चालू होता, आणि माओच्या ‘मोठी झेप’ या आर्थिक मोहिमेतील दुष्काळाने लोक आधीच हवालदिल झाले होते. चीनने सीमा बंद केली, शिंजियांग या आपल्या वायव्येकडील प्रांतातील सोव्हिएत वकिलाती बंद पाडल्या आणि सीमेलगतचे पट्टे लष्करी वसाहतींच्या ताब्यात दिले. यापुढे दोन्ही देशांतील सीमेची बोलणी केवळ नदी आणि डोंगर यांची राहिली नाहीत, तर पलीकडच्या भावकीला कोण चिथावणी देऊ शकतो, याची झाली.

यानंतर सरांनी वर्गाचा मुख्य सिद्धान्त मांडला आणि तो एम. टेलर फ्रेव्हल या अमेरिकी अभ्यासकाचा असल्याचे प्रांजळपणे सांगितले. तो असा, की ज्या वेळी चीनला आपल्या सरहद्दीवरच्या समाजांची धास्ती वाटली, त्या त्या वेळी त्याने शेजाऱ्यांशी पडते घेतले, कारण शेजाऱ्याने बंडखोरांना थारा देऊ नये हे थोड्या डोंगरांपेक्षा मोलाचे होते. दाखले वजनदार आहेत. मार्च १९५९मध्ये तिबेटातील ल्हासात उठाव झाला आणि पाठोपाठ १९६०मध्ये ब्रह्मदेश आणि नेपाळ यांच्याशी सीमाकरार झाले; त्यानंतर मंगोलिया, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्याशी १९६२-६३मध्ये. एप्रिल १९९०मध्ये शिंजियांगमधील बारेन येथे उठाव झाला, पुढच्या वर्षी सोव्हिएत संघ मोडून तीन नवी प्रजासत्ताके शेजारी आली, आणि १९९४पासून चीनने कझाकस्तानपासून सुरुवात करून तिघांशीही सीमा मिटविल्या. ताजिकिस्तानकडे २८ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भूभाग मागणाऱ्या चीनने अखेर सुमारे एक हजारावर समाधान मानले, आणि ताजिक संसदेने २०११मध्ये त्याला मंजुरी दिली. बदल्यात काय मिळाले, ते जून २००१मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या स्थापनेच्याच दिवशी झालेल्या दहशतवाद, फुटीरता आणि अतिरेकवाद यांविरुद्धच्या करारात वाचता येते. शेजारच्या राजधान्यांत चालणाऱ्या उइगूर संघटनांची तोंडे त्याने बंद झाली.

सिद्धान्त पटण्याजोगा आहे, पण वर्गात तो किल्लीसारखा प्रत्येक कुलपाला लावला गेला. १९६०च्या करारांमागे भारताला एकटे पाडण्याचा हिशेब नव्हता का, १९९०च्या दशकात नव्या प्रजासत्ताकांना चिनी बाजारपेठ हवी होती हे कारण कमी होते का, यांवर सरांनी एकेक वाक्य बोलून विषय पुढे नेला. किरगिझस्तानचे उदाहरण तर हातचे निसटले. तिथे चीनला जमीन देण्याच्या करारास विरोध करणारे लोकप्रतिनिधी अझिमबेक बेकनाझारोव यांना जानेवारी २००२मध्ये अटक झाली, मार्चमध्ये अक्सी भागात निदर्शकांवर गोळीबार होऊन माणसे मेली आणि मे महिन्यात सरकारला राजीनामा द्यावा लागला. ज्या करारावर दोन सरकारे खूश असतात तो करार तिसऱ्याला महाग पडतो, हे यातून शिकविता आले असते. पुस्तिकेत त्याला एक तळटीप मिळाली आहे.

तिबेटच्या सत्रात वर्गाला धार आली ती श्रोत्यांमुळे. लष्करी छावणीचे महू जवळ असल्याचा हा फायदा : निवृत्तीनंतर तिथे किंवा इंदुरात स्थायिक झालेले दोन-तीन लष्करी अधिकारी वर्गात होते आणि त्यांतल्या एकांची सेवा अरुणाचलातील तवांगच्या परिसरात झालेली होती. सरांनी एप्रिल १९६०मधील चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांची दिल्लीभेट सांगितली. पूर्वेकडील भारताचा ताबा चीनने मान्य करावा आणि पश्चिमेकडे अक्साई चीनवरचा चीनचा ताबा भारताने मान्य करावा, अशी ती सूचना होती. शिंजियांगहून तिबेटात जाणारा रस्ता अक्साई चीनमधून जात असल्याने तिबेट ताब्यात ठेवायला तो भूभाग चीनला हवाच होता. इतर शेजाऱ्यांना जमलेला सौदा भारताला का जमला नाही, याचे सरांचे उत्तर असे, की दलाई लामा ३१ मार्च १९५९ रोजी भारतात आल्यानंतर दिल्लीच्या लेखी सीमा आणि तिबेट हे दोन वेगळे प्रश्न उरले नाहीत, आणि संसदेत तर अजिबात नाहीत. यावर ते माजी अधिकारी उठून म्हणाले, ‘सर, २००५च्या करारातल्या सातव्या कलमाचे पुढे काय झाले ते सांगा.’ भारत-चीन सीमाप्रश्नावरच्या या करारातील त्या कलमात सीमाभागात स्थिरावलेल्या लोकांच्या उचित हितांचे रक्षण केले जाईल, असे दोन्ही देशांनी मान्य केले आहे. भारताने त्यात तवांग वाचले. चीनने ते वाचन स्वीकारले नाही. सहावे दलाई लामा तवांगजवळ जन्मले, ही गोष्ट तिथल्या मोनपा लोकांच्या लेखी श्रद्धेची आहे, तर चीनच्या लेखी दाव्याचा पुरावा. पुढची वीस मिनिटे सर आणि ते अधिकारी यांच्यात जी प्रश्नोत्तरे झाली तेवढ्यासाठीही मी शुल्क दिले असते.

युरोपच्या सत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डेन्मार्क-जर्मनी सीमेवरील श्लेसविगचे १९२०चे सार्वमत, हंगेरीचा त्रियानोनचा तह, ग्रीस-तुर्कस्तानची १९२३ची लोकसंख्येची अदलाबदल, सगळे एकाच रविवारात कोंबले होते आणि पोहे थंड झाले. अपवाद दक्षिण तिरोलचा. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक डोंगराळ प्रदेश ब्रेनर खिंडीपर्यंत इटलीकडे गेला. ५ सप्टेंबर १९४६ रोजी ऑस्ट्रियाचे ग्रूबर आणि इटलीचे दे गास्पेरी या परराष्ट्रमंत्र्यांनी पॅरिसमध्ये सही केली ती सीमा बदलण्यासाठी नव्हे, तर भाषा, शाळा आणि नोकऱ्या यांच्या हमीसाठी. हमी कागदावरच राहिली, म्हणून ऑस्ट्रियाने १९६०मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, १९६१मध्ये विजेचे मनोरे स्फोटांनी उडविले गेले, १९७२मध्ये नवा स्वायत्तता कायदा लागू झाला आणि १९९२मध्ये ऑस्ट्रियाने वाद संपल्याचे जाहीर केले. सीमा जागची हलली नाही. एवढा एकच विषय त्या दिवशी घेतला असता, तर सत्र पहिल्या क्रमांकाचे झाले असते.

भारत-बांगलादेश यांच्या परिक्षेत्रांचे (एका देशाच्या हद्दीने वेढलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांचे) सत्र छोटे पण नेटके होते. भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१ परिक्षेत्रे ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री एकमेकांच्या देशांत विलीन झाली. १९७४च्या करारापासून तिथपर्यंत यायला चार दशके लागली. २०११च्या संयुक्त गणनेनुसार तिथे ५१ हजारांवर लोक राहत होते आणि त्यांना नागरिकत्व निवडण्याची मुभा होती. बांगलादेशाच्या बाजूकडून हजाराच्या आतच लोक भारतात आले, बाकीच्यांनी आपले घर आणि शेत निवडले. धर्म पाहून माणूस देश निवडेल, असे गृहीत धरणाऱ्यांना हा आकडा दाखवावा, असे सर म्हणाले. ते वाक्य सभागृहातल्या काहींना रुचले नाही, हे कुजबुजीवरून कळले.

मराठी सभागृह म्हटल्यावर बेळगावचा प्रश्न येणारच होता, तो आला, आणि त्यावर वेळ जाईल ही भीती खोटी ठरली. सरांनी महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा यांची कालरेषा फळ्यावर लिहिली, खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा हे पाटसकर सूत्र समजावले, आणि दोन सार्वभौम देशांच्या वादाशी याचे साम्य कुठे संपते ते सांगितले : इथे कोणी पलीकडच्या बंडाला शस्त्रे पुरवीत नाही. मला मात्र त्या वेळी वेगळेच सुचत होते. आम्ही इंदूरचे मराठी लोकही भाषिक अल्पसंख्यच; पण कोणत्याही रेषेपासून इतके लांब, की आमच्यावरून वाटाघाटी करण्याची कोणाला गरजच पडत नाही, आणि म्हणून आमच्या शाळांची चौकशीही कोणी करीत नाही.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. ध्वनिक्षेपक खरखरतो, मागच्या दोन रांगांवर पंख्याचा आवाज भारी पडतो, म्हणून लवकर जाऊन पुढे बसावे. चारचाकी लावायला जागा नाही. गल्लीतल्या रहिवाशांशी दर रविवारी वाद होतो आणि चूक बहुधा आपल्याच मंडळींची असते. भाषा शुद्ध पण सोपी आहे; शिकायला आलेल्या महाविद्यालयीन मुलांना मराठी मजकूर वाचायला वेळ लागत होता, त्यांच्यासाठी ताईंनी नकाशांवरची नावे मोठ्या टाइपात छापून दिली, हे कौतुकास्पद.

आता ती उणीव. सहाही सत्रांत सीमेवरचा समाज कोणाच्या तरी हातातले प्यादे म्हणून येतो. तो स्वतः काय करतो, हे कुठेच येत नाही. यासाठी दूर जायला नको होते, कारण सरांनी ज्याचा दाखला दिला तोच १९६०चा चीन-ब्रह्मदेश करार पुरेसा होता. पेकिंगमध्ये १ ऑक्टोबर १९६० रोजी ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू आणि चौ एन-लाय यांनी सही केली, आणि हपीमॉ, गॉलम, कांगफांग ही ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडील काचिन या अल्पसंख्य समाजाची गावे, सुमारे १५३ चौरस किलोमीटरांचा टापू, चीनकडे गेला. रंगूनने तो उदार मनाने केलेला व्यवहार मानला. काचिनांनी तो आपल्या घराचा तुकडा परस्पर विकल्यासारखा घेतला, आणि बौद्ध धर्माला राज्यधर्म करण्याच्या हालचालींबरोबर हाही राग धुमसत असताना फेब्रुवारी १९६१मध्ये काचिन स्वातंत्र्य सेना उभी राहिली, जी आजही लढते आहे. म्हणजे एका बाजूच्या अल्पसंख्य समाजाची धास्ती शमविण्यासाठी झालेल्या कराराने दुसऱ्या बाजूला नवे बंड जन्माला घातले. वर्गाचा सिद्धान्त या उदाहरणाने खोडला जात नाही, पण त्याचा दुसरा निम्मा भाग समोर येतो. मी शेवटच्या दिवशी सरांना हे सुचविले. त्यांनी वहीत टिपून घेतले आणि युरोपचे सत्र हलके करून तिथे ब्रह्मदेश घेता येईल का ते पाहतो, असे म्हणाले.

ज्यांना वृत्तपत्रांतील सीमेच्या बातम्यांपलीकडे काही वाचायचे आहे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, आणि वादापेक्षा कागदपत्रांत रमणारी माणसे, यांनी नाव अवश्य नोंदवावे. घोषणा ऐकायला येणाऱ्यांची निराशा होईल. नोंदणी वाचनालयाच्या कार्यालयात सायंकाळी होते, रोखीने किंवा यूपीआयने. वर्गाला न येता नुसती पुस्तिका हवी असल्यास ती २०० रुपयांत मिळते. मात्र तिच्यासोबत ट्रेसिंग पेपर देत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय ती निम्म्याच कामाची आहे.